दुसऱ्या सर्वेक्षकाला तीच हद्द सापडली पाहिजे

मोजणीचे काम सोपवताना बहुतेक जमीनमालक यंत्राविषयी विचारतात. ते कोणत्या बनावटीचे आहे, उपग्रहावर चालते का, किती मिलिमीटरपर्यंत अचूक मोजते, असे प्रश्न येतात. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे देणेही अवघड नाही. परंतु हद्दीचा दगड मुळात कुठे रोवला होता, याविषयी त्या उत्तरांतून काहीच कळत नाही. या व्यवसायाच्या मानकांकडे मी एकाच कसोटीने पाहतो. माझी कधी भेटही न झालेला दुसरा सर्वेक्षक काही वर्षांनी माझी कागदपत्रे घेऊन त्याच जमिनीवर उभा राहिला, तर त्याला माझा बिंदू सापडला पाहिजे, तो मी तिथेच का मानला हे कळले पाहिजे आणि मी चुकलो असेन तर नेमका कुठे चुकलो, हेही दाखवता आले पाहिजे.

हद्दीच्या मोजणीत आपण सहसा नवी रेघ आखत नसतो, पूर्वी कोणीतरी आखलेली रेघ शोधत असतो. त्यामुळे पुराव्यांत परस्परविरोध आला की कशाला किती वजन द्यायचे, याचा एक क्रम अनेक देशांच्या न्यायालयांनी मान्य केलेला आहे. आधी नदी-ओढा, खडक यांसारख्या नैसर्गिक खुणा, मग माणसाने रोवलेले दगड आणि खुंट, मग लगतच्या जमिनींच्या हद्दी, त्यानंतर दस्तात लिहिलेल्या दिशा आणि अंतरे, आणि सर्वांत शेवटी क्षेत्रफळ. नव्याने या कामात आलेल्या, गणितात हुशार असलेल्या मुलांना हा क्रम उलटा वाटतो. दस्तातले आकडे स्पष्ट असताना गंजलेल्या सळईला मान का द्यायचा, असे ते विचारतात. कारण सरळ आहे. जमीन घेणाऱ्याने ती घेताना दगड पाहिला होता, आकडा मात्र त्या काळच्या साधनातून आला होता. १६२० च्या सुमारास प्रचारात आलेली गुंटरची साखळी ६६ फुटांची आणि १०० कड्यांची. वापराने कड्या झिजल्या की साखळी लांबते आणि लांबलेल्या साखळीने मोजलेले अंतर कागदावर कमी भरते. दिशा होकायंत्राने घेतलेली असेल तर तिचीही तीच गत, कारण चुंबकीय उत्तर स्थिर नसते आणि काही दशकांत ती एखाद्या अंशानेही सरकू शकते. एका अंशाचा फरक ३०० मीटरवर पाच मीटरांहून अधिक होतो. असा आकडा आजच्या टोटल स्टेशनवर, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या यंत्रावर, जसाच्या तसा भरून बिंदू रोवणे म्हणजे जुनी चूक अत्यंत अचूकपणे जमिनीत गाडणे होय.

म्हणून खूण शोधण्याच्या पद्धतीला मी इतके महत्त्व देतो. जुन्या नोंदींवरून अंदाजे जागा काढली, धातुशोधक फिरवला आणि काहीच वाजले नाही, तर बरेच जण ‘खूण आढळली नाही’ असे लिहून मोकळे होतात. लाकडी खुंट धातुशोधकाला कळणार नाही, हे उघड आहे. अशा ठिकाणी कुदळीने खड्डा खणला तर उरलासुरला पुरावाही नष्ट होतो. माती चपट्या फावड्याने आडवी, बोटभर जाडीच्या थरांनी तासत जावे लागते. खुंट कुजून गेला असला तरी त्याच्या जागी भरलेली माती भोवतालच्या मातीपेक्षा गडद आणि भुसभुशीत राहते, आणि एखाद्या थरावर अचानक चौकोनी किंवा गोल डाग दिसतो. तो डाग प्रत्येक थरात त्याच जागी, थोडा थोडा निमुळता होत खाली जात असेल, तर टोक केलेला खुंट तिथे ठोकला होता असे म्हणता येते. मूळ किंवा उंदराचे बीळ असेल तर ते वाकडे होते, फाटे फोडते. काही देशांतले जुने सर्वेक्षक खुंटाच्या तळाशी कोळसा, काचेचे तुकडे किंवा फुटकी भांडी पुरत असत, कारण कोळसा कुजत नाही आणि शेताच्या मधोमध तो आपसूक येऊन पडत नाही. असा डाग सापडला की तासणे थांबवून फोटो घ्यायचा, खोली मोजायची, मापे लिहायची आणि मगच पुढे जायचे. एकदा तासून टाकलेला थर पुन्हा कोणालाच पाहता येत नाही.

अचूकतेची लेखी मानके याबाबत प्रामाणिक आहेत, फक्त ती नीट वाचायला हवीत. अमेरिकेत जमीनहक्काच्या विम्यासाठी जे सर्वेक्षण होते, त्याच्या मानकात सापेक्ष स्थानाची अनिश्चितता ९५ टक्के विश्वासपातळीवर २ सेंटीमीटर अधिक दशलक्ष भागांत ५० भाग इतकीच राहू दिली आहे, म्हणजे २०० मीटर अंतरावरच्या दोन खुणांमध्ये ३ सेंटीमीटर. ही मर्यादा मोजमापाची आहे. ज्या खुणेपासून मोजले ती खूणच खरी होती का, या प्रश्नाला तिचा स्पर्शही होत नाही. अहवालात ‘मानकांनुसार’ असा शिक्का मारताना ही गोष्ट वाचणाऱ्यापासून लपून राहते, आणि मला वाटते काहींना ती लपलेलीच बरी वाटते.

या मुद्द्यावरचा एक गाजलेला खटला डेट्रॉईटचा आहे. तिथल्या एका वसाहतीचे मूळ खुंट नाहीसे झाले होते. पुढे नव्याने मोजणी झाली, तेव्हा भूखंडांच्या रेघा काही फुटांनी चुकलेल्या आहेत असा निष्कर्ष निघाला आणि वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या कुंपणांवरून वाद पेटला. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ मध्ये कुंपणांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी आपल्या मतात दाखवून दिले की मूळ खुंट शिल्लक असताना लोकांनी ते पाहून जी वहिवाट सुरू केली, ती मूळ रेघेचा पुरावा म्हणून नंतरच्या कोणत्याही मोजणीपेक्षा भरवशाची आहे, आणि सर्वेक्षकाने रेघ कुठे असायला हवी होती यापेक्षा ती प्रत्यक्षात कुठे ठरली होती हे पाहायला हवे होते. याचा अर्थ प्रत्येक कुंपण म्हणजे हद्द, असा मात्र नाही. गुरे आत येऊ नयेत म्हणून सोयीच्या जागी घातलेले कुंपण आणि खुंट पाहून घातलेले कुंपण यांतला फरक शोधण्यासाठी जुन्या माणसांना विचारावे लागते, शेजारच्या भूखंडांच्या रेघा त्याच ओळीत येतात का ते पाहावे लागते, आणि यात दिवस जातो. मालकी कोणाची हे ठरवणे न्यायालयाचे काम. पुरावा जपून, क्रमाने आणि दोन्ही बाजूंनी मांडणे आपले.

एकाच कोपऱ्यावर, एकमेकांपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, वेगवेगळ्या सर्वेक्षकांनी ठोकलेल्या तीन-चार सळया पाहिल्या की मला व्यवसायाची लाज वाटते. प्रत्येकाने आपल्या यंत्राचा आकडा मागच्याच्या खुणेपेक्षा खरा मानलेला असतो. मागच्या सर्वेक्षकाची खूण मापनाच्या रास्त मर्यादेत बसत असेल तर ती स्वीकारावी, नकाशावर दस्तातले अंतर आणि प्रत्यक्ष मोजलेले अंतर दोन्ही लिहावे आणि पुढे जावे. मतभेद खरोखरच मोठा असेल, तर नवी सळई ठोकण्याआधी त्या सर्वेक्षकाला फोन करावा. बहुतेकदा त्याच्याकडे असा एखादा कागद निघतो जो आपण पाहिलेला नसतो, किंवा आपल्याकडे असा निघतो जो त्याने पाहिला नव्हता.

आता मोजमापाकडे वळू, कारण पुरावा कितीही चांगला असला तरी ढिसाळ मोजणी तो वाया घालवते. बिंदूमागून बिंदू मोजत निघाल्या जागी परत येणाऱ्या बंद ट्रॅव्हर्सचा क्लोजिंग एरर, म्हणजे शेवटी उरणारी तफावत, छोटा आला की काम बरोबर झाले, ही समजूत इतकी पक्की रुजली आहे की तिच्या मर्यादा सांगाव्याच लागतात. निघालो तिथेच परत आलो, म्हणजे कोनांतल्या आणि अंतरांतल्या आकस्मिक चुका सापडण्याची शक्यता वाढते. सगळी अंतरे एकाच प्रमाणात चुकलेली असतील, तर आकृती फक्त लहान किंवा मोठी होते आणि तरीही बिनचूक बंद होते. पोलादी टेपच्या बाबतीत हे तापमानामुळे घडते : ३० मीटरची टेप २० अंश सेल्सिअसने तापली की साधारण ७ मिलिमीटर लांब होते. टोटल स्टेशनमध्ये हवेचे तापमान आणि दाब चुकीचे भरले तरी तेच, एका अंशाला दशलक्ष भागांत सुमारे एक भाग. अंतर मोजताना किरण ज्यावरून परत फिरतो तो प्रिझम बदलला आणि त्याचा स्थिरांक बदलायचा राहिला, तर लांब-आखूड प्रत्येक अंतरात तेवढीच, बरेचदा तीसेक मिलिमीटरची, चूक शिरते आणि भुजा जवळपास सारख्या असलेल्या आकृतीत तीही बरीचशी दडून राहते. यावर उपाय एकच, तो म्हणजे बाहेरचा पडताळा. दोन ज्ञात बिंदूंमध्ये काम बांधावे, अंतराची तुलना प्रमाणित बेसलाइनवर, म्हणजे आधी नेमक्या मोजून ठेवलेल्या अंतरावर, करावी, दुर्बीण उलटवून दोन्ही फेसवर वाचन घ्यावे. यंत्रांच्या क्षेत्रीय चाचण्यांसाठी आयएसओ १७१२३ ही मानकांची मालिकाच आहे. तिचा वापर वार्षिक प्रमाणपत्राच्या फाइलीपुरता न ठेवता, यंत्र गाडीतून आदळत आल्यावरही करावा.

उरलेली चूक सर्व भुजांवर वाटून देण्याविषयीही एक शब्द. भुजेच्या लांबीच्या प्रमाणात चूक वाटणारी बोडिचची पद्धत वापरा किंवा संख्याशास्त्रातली लघुतम वर्ग पद्धत, वाटणी फक्त आकस्मिक चुकांची करायची असते. एका ठिकाणी २३ ऐवजी ३२ लिहिले गेले असेल आणि ते न शोधता सॉफ्टवेअरला वाटणी करू दिली, तर एका बिंदूची चूक सगळ्या बिंदूंच्या अंगाला लागते आणि अहवाल मात्र नीटनेटका दिसतो.

संदर्भचौकट न लिहिलेले निर्देशांक, म्हणजे बिंदूंची आकड्यांतली स्थाने, हा माझ्या लेखी सर्वांत महागडा दोष आहे. यूटीएम या जगभर वापरल्या जाणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात मध्य रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ धरलेले असते, म्हणजे जमिनीवरचे एक किलोमीटर तिथे ग्रिडवर, म्हणजे प्रक्षेपणाच्या सपाट चौकटीत, ४० सेंटीमीटर कमी भरते. नकाशावरची अंतरे ग्रिडची की जमिनीवरची, हे लिहिले नसेल तर पुढचा माणूस टेप लावून तुम्हालाच खोटे ठरवील. पृथ्वीवरचे खंड सरकतात ही गोष्टही आता दुर्लक्ष करण्याजोगी राहिलेली नाही. ऑस्ट्रेलिया दरवर्षी सुमारे ७ सेंटीमीटर सरकतो आणि त्यामुळे तिथले १९९४ चे आणि २०२० चे अधिकृत निर्देशांक एकमेकांपासून सुमारे १.८ मीटर दूर आहेत. उंचीचा घोळ तर याहून मोठा असतो, कारण उपग्रहावरून मिळणारी उंची ही पृथ्वीचा आकार म्हणून मानलेल्या गणिती विवृत्तजापासूनची असते आणि समुद्रसपाटीशी तिचा फरक पृथ्वीवर काही ठिकाणी १०० मीटरांच्याही पुढे जातो. संदर्भप्रणाली, तिचा काळ, प्रक्षेपण, जिऑइडचे (सरासरी समुद्रसपाटीच्या पृष्ठाचे) मॉडेल आणि वापरलेली नियंत्रणस्थानके या पाच गोष्टी नकाशाच्या एका कोपऱ्यात लिहायला दोन ओळी लागतात.

आरटीके रोव्हरविषयी, म्हणजे उपग्रहांवरून जागच्या जागी बिंदू देणाऱ्या फिरत्या यंत्राविषयी, थोडक्यात सांगतो. झाडाखाली किंवा भिंतीलगत पडद्यावर ‘फिक्स्ड’, म्हणजे जागा पक्की झाली, असे दिसले तरी ते चुकीचे असू शकते, कारण परावर्तित संकेत यंत्राला फसवतात. हद्दीचा बिंदू निदान दोनदा, मध्ये पुरेसा वेळ जाऊ देऊन आणि यंत्र नव्याने सुरू करून घ्यावा, म्हणजे उपग्रहांची मांडणी बदललेली असते. लागोपाठ घेतलेली दोन वाचने जुळली, यात विशेष काही सिद्ध होत नाही.

फील्ड बुकमध्ये खोडरबर वापरायचा नाही, हा या व्यवसायातला जुना नियम. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, बरोबर आकडा वर लिहायचा, म्हणजे आधी काय वाचले होते हेही दिसते. मोजमापे आपोआप साठवणारा डेटा कलेक्टर आल्यावर हा नियम कालबाह्य झाला असे मानणारे बरेच आहेत. मला तो अधिक गरजेचा वाटतो, कारण फाइलमधला बदल मागे रेघसुद्धा ठेवत नाही. म्हणून यंत्रातून उतरवलेली कच्ची फाइल कधीही न उघडता वेगळी ठेवावी, संस्करण तिच्या प्रतीवर करावे, आणि यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे सळई कलली होती, शेजाऱ्याने अमुक सांगितले, दगडावरचे अक्षर अर्धे झिजले होते, या त्याच दिवशी हाताने लिहून ठेवाव्यात.

राहिला प्रश्न आपण कोणाचे, हा. पैसे एक पक्ष देतो, रेघ मात्र दोघांची असते. १८७८ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षक महासंघाने १९९८ मध्ये नैतिक तत्त्वे आणि आदर्श आचारसंहिता प्रसिद्ध केली. सचोटी, निःपक्षपात, आपल्याला येते तेवढेच काम हाती घेणे, ही त्यातली भाषा कोणालाच अमान्य नसते. अडचण येते ती तपशिलात. मानधन निकालावर अवलंबून ठेवायचे नाही. लगतधारकाला मोजणीची वेळ आधी कळवायची आणि त्याचा कागद ग्राहकाच्या कागदाइतक्याच काळजीने वाचायचा. ग्राहकाला नको असलेली खूण सापडली तरी ती नकाशावर दाखवायची. आणि सहीचा प्रश्न आहेच : प्रत्यक्ष जागेवर सहकारी जातो आणि नकाशावर सही माझी असते, तेव्हा मी त्याच्याकडे कच्ची फाइल, हस्तलिखित नोंदी, उकरलेल्या प्रत्येक खड्ड्याचे फोटो आणि नाकारलेल्या पुराव्यांची कारणासह यादी मागतो. ही यादी बहुधा तयार नसते. सापडलेले सगळे लिहिलेले असते, पण अमुक खूण आपण का मानली नाही, हे डोक्यातच राहिलेले असते. तेवढे लिहून येईपर्यंत नकाशा माझ्या टेबलावर सहीविना पडून राहतो, ग्राहकाचे फोन येत राहिले तरी.