पोटातला रंग

दुपारी वीज गेली की घरातली माणसं एकमेकांशी बोलायला लागतात. भाचा मोबाईल घेऊन सरकत आला. “मामा, हे बेडूक बघ की. मेल्यागत करूलालंय.”

कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाच्या पूर्व टोकाकडच्या डबक्यांतला भेक होता तो. जेमतेम पाच सेंटिमीटरचा. पाठ हिरवीगार, वर काळे ठिपके. शेवाळात बसला तर शोधून सापडायचा नाही. पण कुणी अंगावर आलं, की पाठीची उलटी कमान करतो, हातपाय उचलतो आणि खालचा लालभडक रंग दाखवतो. कधी सरळ उताणाच होतो. कातडीत विष आहे, खाल्लंस तर तोंड पोळेल, एवढाच निरोप. जीभही धड नाही बिचाऱ्याला. तोंडात चिकटलेली, बाहेर फेकता येत नाही. किड्यावर तोंडानंच झडप घालावी लागते.

आमच्याकडं सगळा उघडा कारभार. वडगावच्या शिवारात पहिला जोराचा पाऊस झाला, की खाचरातले शेणकट दांडगे बेडूक बघता बघता पिवळेधमक व्हायचे. गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवून असे ओरडायचे, की बांधावर शेजारी उभ्या आज्जाचं बोलणं ऐकू यायचं नाही. “हळद लागलीया त्यास्नी,” आज्जा म्हणायचा. वऱ्हाड पांगलं की परत तेच मळकट अंग.

त्या ओरडण्यानंच घात व्हायचा. रात्री बत्ती घेऊन माणसं यायची, पोती भरून न्यायची. तेव्हा बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या. १९८७ साली निर्यात बंद झाली. आज्जा त्या लोकांना हाकलायचा. दया वगैरे काही नाही, बांध तुडवतात म्हणून.

ते असो. मोबाईलवर पुढं वाचलं, तर त्या भेकाच्या पोटाचा लाल रंग खाण्यातून येतो. काचेच्या पेटीत वाढवून रोज तेच ते किडे घातले, तर पोट पिवळट पडतं. मला तसाही पेटीतला बेडूक बघवत नाही. त्यात हे. उद्या मांजर आलं, तर हा उताणा होऊन दाखवणार काय?

“गाजर घालायचं की,” भाचा म्हणाला.

बेडूक गाजर खात नाही, हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालची ओळ दिसली. पाळणारे आधी किड्यांना गाजर चारतात आणि मग ते किडे बेडकाला घालतात.

हा पोरगा गणितात नापास कसा होतो, कळत नाही.