मे महिन्यात १५ डिग्रीचं पाणी कुठे मिळतं? माझा अनुभव

एमेस्सी झूलॉजीचा प्रोजेक्ट, विषय पाण्याचं तापमान आणि फायसा गोगलगायीचं वागणं. गोगलगायी मिळायला काही त्रास नाही, पुण्यात मुठेच्या काठाला पाण्यात अडकलेली प्लास्टिकची पिशवी उचलली की खाली चिकटलेल्या असतात. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की भोक डावीकडे दिसतं, ती फायसा. मूळची उत्तर अमेरिकेतली, पण तिचं नामकरण झालं १८०५ मध्ये फ्रान्सच्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून, म्हणजे बारसं व्हायच्या आधीच दुसऱ्याच्या घरात शिरलेली.

३० डिग्री तर फुकटच, उन्हाळा आणि अ‍ॅक्वेरियमचा छोटा हीटर. अडलं ते १५ ला.

आमच्या डिपार्टमेंटच्या इन्क्युबेटरचा (ठरवलेलं तापमान धरून ठेवणारं कपाट) कॉम्प्रेसर गेलेला. शेजारच्या डिपार्टमेंटला बीओडी इन्क्युबेटर चालू होता, पण आपल्याकडे बीओडी टेस्ट (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजायची) २७ डिग्रीला तीन दिवस करतात म्हणून तो कायम २७ वर, हात लावायचा नाही. बरं, ते मला पटतं, त्यांच्या बाटल्या बिघडतील. मग रीतसर अर्ज केला. गाइड मॅडमची सही, आमच्या एचओडींची सही, त्यांचे एचओडी परीक्षेच्या ड्युटीवर, आले तर अर्जावर इनवर्ड नंबर नाही म्हणून परत, नंबर घेऊन गेले तर आठवड्याने शेरा मारून आला, 'उपकरणाचे नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची?' हमीपत्र लिहून दिलं, तर ते साध्या कागदावर चालत नाही म्हणे. असे तीन आठवडे गेले आणि मी रोज त्या काचेच्या दारातून आत बघायचे. एका दिवशी आत बाटली एकही नव्हती, कोपऱ्यात कोणीतरी दही विरजायला ठेवलं होतं!! माझ्या गोगलगायींना जागा नाही आणि दह्याला आहे.

शेवटी तिथले लॅबचे मामाच म्हणाले, "अगं, अर्ज कशाला फिरवत बसलीस, शुक्रवारी संध्याकाळी बाटल्या निघतात, सोमवारपर्यंत रिकामाच असतो, मॅडमना सांग आमच्या सरांना फोन करायला." एक फोन, दोन मिनिटं, काम झालं. तेव्हा तुम्ही पण अर्जाआधी मामांना भेटा.

हो, राहिलंच, बीकरवर मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधा. पहिल्या रात्री मी विसरले आणि सकाळी अर्ध्या गोगलगायी टेबलाच्या पायावर. आणि पाण्यात थेट बर्फ टाकू नका, अंग आत ओढून तळाशी पडतात, मग काय वागणं मोजणार, तासाला एखाद डिग्रीच उतरवा.

दिसलं ते मात्र भारी. फायसाला फुप्फुस असतं, ती हवा घ्यायला वर येते. ३० ला सतत वर-खाली, १५ ला एक जण पालकाच्या पानावर मिशा अर्धवट बाहेर काढून बसलेली, मी चहा पिऊन आले तरी तिथेच. कारण गार पाण्यात ऑक्सिजन लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० ला साडेसातच, आणि गरम पाण्यात तिची गरज उलट वाढते. मग एक गोगलगाय चिरडून तिचं पाणी टाकलं (वाईट वाटलं, पण हाच प्रयोग), त्या वासावरून बाकीच्यांना कळतं की खाणारा आलाय, आणि त्या पाण्याबाहेर चढतात. ३० च्या भराभर काचेवर चढल्या, १५ च्या हलल्या, पण निम्म्या वाटेतच राहिल्या.

१५ ला अंड्यांचं काय होतं ते बघायला शनिवार-रविवार पुरत नाही. मासेवाल्याकडून थर्माकोलचा बॉक्स आणून त्यात गोठवलेल्या बाटल्या ठेवल्या, पण तापमान १४ ते १९ नाचत राहिलं, म्हणून अंड्यांचा आकडा थीसिसमध्ये घातलाच नाही.

काम झाल्यावर बेसिनमध्ये ओतू नका, आधी फ्रीझ करा. ही उभयलिंगी आहे, एकटी असली तरी अंडी घालते, माझ्या एकटीवाल्या बीकरच्या काचेवर जेलीचा ठिपका चिकटलेलाच होता.

व्हायवाला एक्स्टर्नलनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "१५ च का घेतलं? २७ सोपं गेलं असतं ना."