भाड्याच्या घरांचा प्रकल्प, हरकती-सूचना आणि सुनावणी : माझा अनुभव

आमच्या गल्लीच्या टोकाला एक प्लॉट कित्येक वर्षं रिकामा पडून होता, तिथल्या कुंपणाला एक दिवस नोटीस लागलेली दिसली. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली, आत पाणी शिरलेलं, आणि नेमकी शेवटच्या तारखेवरची शाई पसरलेली. सहा मजले, 84 घरं, सगळी भाड्याची, "परवडणाऱ्या दरात", हरकती आणि सूचना लेखी द्याव्यात. मी फोटो काढला, घरी येऊन नियोजन खात्यात फोन लावला, तारीख विचारून घेतली आणि पुढचे सात महिने यातच गेले. तुमच्याकडे असं काही आलं तर उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, मी स्वतः भाडेकरू आहे. 11 वर्षं याच गल्लीत राहतेय आणि पगारातला जवळपास निम्मा भाग भाड्यात जातो. त्यामुळे ही घरं व्हावीत असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, पण कशीही व्हावीत असं नाही.

पहिली मीटिंग आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी सहाला होती. भिंतीला मोठे बोर्ड, मध्ये टेबलावर मॉडेल, आणि आपलं मत लिहून चिकटवायला रंगीत चिठ्ठ्या. अर्ध्या तासात पार्किंगचा बोर्ड चिठ्ठ्यांनी भरून गेला आणि भाड्याच्या बोर्डावर एकही नव्हती, तो रिकामा बोर्ड अजून डोळ्यासमोर आहे. मग एक काका उठून म्हणाले, भाडेकरू आज आहेत उद्या नाहीत, त्यांना एरियाचं काय पडलंय. मी बोलणार नव्हते खरं तर, पण उभी राहिले आणि म्हटलं, काका मी 11 वर्षं भाड्यानेच राहतेय, तुमच्याच समोरच्या बिल्डिंगमध्ये. आवाज कापत होता माझा. हॉल एकदम शांत झाला. नंतर दाराशी काका स्वतः येऊन म्हणाले, अगं मी तुझ्याबद्दल नव्हतो बोलत. मी म्हटलं काका, येणारी माणसंही माझ्यासारखीच असणार ना. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या प्रत्येक मीटिंगला आले.

आता कागदपत्रांबद्दल. ती वाचाच, कंटाळा आला तरी वाचा, कारण बोर्डावर फक्त छान छान चित्रं असतात आणि खरी गोष्ट फाइलमध्ये असते. सावलीचे नकाशे होते, 21 मार्च, 21 जून आणि 21 डिसेंबरचे, त्यात दिसलं की डिसेंबरमध्ये मागच्या सोसायटीतल्या मुलांच्या खेळायच्या जागेवर दुपारभर ऊन येणारच नाही. आणि "परवडणारं" या शब्दाचा अर्थ मला सापडला थेट शेवटच्या भागात, एका तळटीपेत. बाजारभाड्याच्या 80 टक्के, आणि तेही 20 वर्षांपुरतं.

मी वहीत हिशेब मांडला. आमच्या भागातलं भाडं, त्याचे 80 टक्के, आणि माझा पगार. मलाच परवडत नव्हतं! नोकरी असलेल्या, रांगेत सगळ्यात पुढे असायला हवी अशा माणसाला परवडत नसेल तर ती घरं कोणासाठी बांधताय, हा प्रश्न मला तिथे पडला आणि शेवटपर्यंत मी तोच धरून ठेवला.

मग थोडं वाचलं. इंग्लंडमध्ये "अफोर्डेबल रेंट" म्हणजे बाजारभाड्याच्या 80 टक्क्यांपर्यंत, म्हणजे बाजार चढला की हेही चढणार. अमेरिका, कॅनडात घराचा खर्च उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या आत बसला तर ते परवडणारं धरतात, म्हणजे तिथे मोजणी माणसाच्या कमाईपासून सुरू होते. शब्द एकच, अर्थ दोन. मुदतीचंही तसंच. जर्मनीत सरकारी मदतीने बांधलेल्या बऱ्याच घरांवरचं भाड्याचं बंधन ठराविक वर्षांनी संपतं, मग ती बाजारभावाने देता येतात, आणि नवीन घरं त्या वेगाने बांधली न गेल्यामुळे 1990 नंतर तिथली अशी घरं खूप कमी झाली. व्हिएन्नाने मात्र 1920 च्या दशकात बांधायला घेतलेली घरं शहराच्याच मालकीची ठेवली आणि आजही त्यांत लोक भाड्याने राहतात. 20 वर्षं ऐकायला भरपूर वाटतात हो, पण आमच्या गल्लीतल्या या नव्या घरांत जन्मलेलं मूल कॉलेजात असेल तेव्हा त्याच्या आईवडिलांना घर सोडावं लागेल.

लेखी सूचना देताना एक गोष्ट नियोजन खात्यातल्या मॅडमनी नीट समजावली. एकाच मजकुरावर साठ सह्या आल्या तरी त्या मुद्दा एकच धरतात, त्यापेक्षा आपापल्या शब्दांत लिहा, पान नंबर द्या, आणि नेमकं काय बदलून हवंय ते लिहा. "आमचा विरोध आहे" एवढ्यावर त्यांना उत्तर तरी काय देता येणार. मी तीन पत्रं दिली, सावलीचं वेगळं, भाड्याच्या व्याख्येचं वेगळं, मुदतीचं वेगळं. तिन्हींच्या पोचपावत्या घेतल्या. पोच घ्याच, माझं एक पत्र फाइलला लागलंच नव्हतं, पावती दाखवल्यावर सापडलं.

चौथी मागणी मी तोंडी केली होती, एक मीटिंग रविवारी सकाळी घ्या. कारण ज्यांना ही घरं हवीत ती माणसं सहा वाजता कामावर तरी असतात नाहीतर बसमध्ये. त्यांनी घेतली. माझ्या ओळखीची एक ताई आली, वृद्धाश्रमात नाइट शिफ्ट करते, दोन बस बदलून जाते, तशीच ड्यूटीवरून आली मुलाला घेऊन. मूल मॉडेलमधली छोटी छोटी झाडं बोटाने मोजत बसलं. तिने एकच प्रश्न विचारला, भाडं दरवर्षी किती वाढणार? प्रकल्पाचे सल्लागार पानं उलटत राहिले. पहिल्या मीटिंगला तीन तासांत हे कोणाच्या तोंडून आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि माझ्या तीन पत्रांतही नव्हतं.

शेरी आर्नस्टीन म्हणून एक अमेरिकन बाई होत्या, त्यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात मतं मागवणं ही चौथी पायरी. ऐकून घेतील, पण निर्णय त्यांचाच. हे माहीत असलेलं बरं, म्हणजे भलत्या आशेवर राहत नाही आपण. म्हणून आम्ही, आता आम्ही म्हणजे ते काकासुद्धा, लेखी मागितलं की आमच्या सूचनांमुळे काय बदललं, काय नाही आणि का नाही ते तक्ता करून द्या. तो तक्ता आला आणि तिथून खरी चर्चा सुरू झाली.

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं. मी घरी घड्याळ लावून वाचून बघितलं, पहिल्यांदा सात मिनिटं झाली, मग कापत कापत एकाच मुद्द्यावर आणलं. काकांनी सावलीचं घेतलं, मी मुदतीचं, ताईने भाडेवाढीचं.

मंजुरी मिळाली, अटींसकट. वरचा मजला मागे सरकवलाय, त्यामुळे खेळायच्या जागेला दुपारी थोडं ऊन मिळेल. मुदत 20 ची 40 वर्षं झाली. वार्षिक भाडेवाढीला मर्यादा आली. 84 पैकी 28 घरांचं भाडं उत्पन्नावर ठरणार, बाकीची 80 टक्क्यांवरच राहिली. ते मला अजूनही मान्य नाही आणि तसं मी लेखी कळवलंय.

मंजुरीच्या पत्रातल्या भाडेवाढीच्या अटीचा फोटो काढून मी ताईला पाठवला. तिचा लगेच मेसेज, अर्ज कधी सुटणार? तारीख अजून लागलेली नाही, दर सोमवारी फोन करून विचारते.