ऑफिसातलं ते जाडजूड रजिस्टर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधीच क्लिअर केलं होतं की गॅदरिंग, सहल, पीटीच्या सरांची छडी यावर बाकीचे सगळे लिहिणारच आहेत, मी ऑफिसबद्दल लिहितो. मॅडम हसल्या, म्हणाल्या ऑफिसबद्दल कोण वाचणार? पण खरं सांगू का, शाळेनं मला जे दिलं त्यातलं निम्मं वर्गात मिळालं आणि निम्मं त्या ऑफिसात, लोखंडी कपाटातल्या त्या जाडजूड लाल पुठ्ठ्याच्या जनरल रजिस्टरात.

आम्ही वडार. वडील दगड फोडायचे, आजोबापण तेच. 1995 ला पाचवीत नाव घालायला वडील मला घेऊन आले. त्यांच्या अंगावर कामाचेच कपडे, केसांत दगडाची पांढरी भुकटी, ऑफिसच्या दारातच उभे, आत यायला तयार नाहीत. हेडक्लार्क (सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, मीही तेच म्हणतो) म्हणाले, "आत या, बसा खुर्चीवर." आमच्या घरातला माणूस कुठल्याही ऑफिसात खुर्चीवर बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग नाव, जन्मतारीख, आईचं नाव असं सगळं झालं, जात विचारली, वडील म्हणाले "वडर". भाऊसाहेबांनी पेन थांबवलं आणि म्हणाले, मी वडार लिहितो, सरकारच्या यादीत तसं आहे, उद्या पोराला त्रास नको. आणि मग एक प्रश्न विचारला जो फॉर्मवर नव्हताच, "तुम्ही स्वतः कधी शाळेत गेला होतात का?"

वडील लाजले. म्हणाले, गेलो होतो सायेब, तळ्याच्या कामावर आमची पालं पडली होती तेव्हा, चार-सहा महिने. कुठलं गाव, कुठली शाळा, साधारण कुठलं साल, सगळं खोदून खोदून विचारून त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिलं आणि ती चिठ्ठी माझ्या प्रवेश फॉर्मला टाचणीनं लावून ठेवली. मला तेव्हा काहीच कळलं नाही. वडलांना तर वाटलं आता चौकशी होणार.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सांगतो. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि पुढं त्याची व्हॅलिडिटी (म्हणजे दाखला खरा आहे असं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) काढायची तर नुसतं मी अमुक जातीचा असं म्हणून चालत नाही, जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, आम्हा विमुक्त जाती भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. ज्यांची गावात जमीन आहे, वाडा आहे, आजोबा सातवी शिकलेत त्यांना काही अडचण नाही, तलाठ्याकडं कागद मिळतो, कोतवाल बुकात जन्माची नोंद मिळते. पण जो माणूस कामामागं फिरतोय, ज्याचा एक पोरगा धरणाच्या कामावर झाला आणि दुसरा रस्त्याच्या कामावर, त्याची नोंद कुठल्या गावच्या कोतवाल बुकात शोधायची? म्हणजे ज्यांना फिरस्तीमुळं सवलत दिली, त्यांच्याकडंच एका जागी राहिल्याचा कागद मागायचा. यातला विनोद मला कळायला बरीच वर्षं गेली.

आणि इतिहास बघा, नोंदी अजिबात नव्हत्या असं पण नाही. इंग्रजांनी 1871 ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, अख्ख्याच्या अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, माणसांची नावं लिहून ठेवली, ठरल्या वेळी हजेरी घेतली. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, म्हणून तर विमुक्त हे नाव. संशय घ्यायचा होता तेव्हा नोंद व्यवस्थित ठेवली, हक्क द्यायची वेळ आली तेव्हा कागद सापडेना.

आता वर्गातलं सांगतो. आपल्या वेळी "बीसीवाले उभे राहा" हा रोजचा शब्द होता (बीसी म्हणजे मागासवर्गीय, ईबीसी म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास). कोणाला राग येऊ नये म्हणून नाव घेत नाही, आणि ते सर शिकवायचे पण छान, पण स्कॉलरशिपचे फॉर्म आले की वर्गात यायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, बीसीवाले उभे राहा, ईबीसीवाले तिकडं. आम्ही उभे. बाकीचा वर्ग बसलेला, मागं वळून वळून बघणार. दोन मिनिटांचाच मामला, मारलं नाही शिवी दिली नाही, पण डबा खायला शेजारी बसणारा मित्र आपल्याकडं एका नव्याच नजरेनं बघतो ते कळतं हो. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं त्यापायी फॉर्मच भरला नाही. मुलींसाठीची शिष्यवृत्ती होती ती. म्हणजे हातात येणारे पैसे सोडले तिनं, त्या काळात ज्या घरात एकरकमी पैसे कधी आलेच नसतील त्या घरातल्या मुलीनं, फक्त उभं राहायला नको म्हणून.

भाऊसाहेबांना हे कसं कळलं देव जाणे. पुढच्या वर्षी त्यांनी पद्धतच बदलली. शिपाईमामा चिठ्ठी घेऊन यायचे, त्यावर फक्त रोल नंबर आणि "ऑफिसात भेटणे". त्यात फी बाकीवाले पण असायचे, जन्मतारखेत खाडाखोडवाले पण, आणि सरपंचाचा पोरगासुद्धा असायचा कारण त्याचा फोटो राहिलेला. कोण कशासाठी गेला कुणाला पत्ता नाही. ना कुठला जीआर, ना कुठलं भाषण. त्या मुलीनं नववीत फॉर्म भरला.

त्याच सुमारास शाहू जयंतीला मी भाषण ठोकलं होतं, 26 जुलै 1902 ला कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना 1 रुपया दंड, वगैरे. टाळ्या पडल्या, कंपासपेटी मिळाली. पण आज विचार करतो तर महाराजांचं डोकं त्या एक रुपया दंडात जास्त दिसतं मला. हुकूम काढून थांबले नाहीत, तो खालपर्यंत पोचायचा कसा याचा हिशेब केला. आपल्याकडं हुकूम भरपूर आहेत. तो गावातल्या शाळेच्या टेबलावर येईपर्यंत काय होतं हे बघणारं माणूस लागतं.

अजून एक मित्र आठवतो. त्याचे आईवडील कोयत्यावर जायचे, म्हणजे ऊसतोडीला. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, दिवाळी झाली की ट्रॅक्टरमधून कारखान्यावर, ते परत उन्हाळ्यात. हा पण जायचा, धाकटी भावंडं कोण बघणार? वर्गाच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढं अर्धं वर्ष लाल शाईच. तेव्हा असं पोरगं पटावरून कमी करायचे, आणि एकदा नाव कमी झालं की परत यायला पोरांनाच लाज वाटायची. दोन वर्षं त्याचं नाव टिकलं, ते वर्गशिक्षिकेच्या हट्टामुळं. आठवीनंतर मात्र तो आलाच नाही. अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृहं पुढं निघाली, काही ठिकाणी चांगली चालली, त्याच्या वेळेला आमच्या भागात तरी काही नव्हतं. आज त्याचा स्वतःचा कोयता आहे. याच्यावर मला जास्त काही लिहवत नाही.

बारावी झाली 2003 ला. इंजिनिअरिंगला व्हॅलिडिटी लागणार. जातीच्या दाखल्यांचा नवा कायदा तेव्हा नुकताच लागू झालेला, सगळीकडं गोंधळ, कुठल्या ऑफिसात काय मागतील सांगता येत नाही. एका ऑफिसातल्या साहेबानं तर तोंडावर सांगितलं की तुमच्या लोकांचे पुरावे कधी नसतातच, कशाला धडपडता. वडील काही बोलले नाहीत, पण मला घेऊन सरळ आपल्या शाळेत आले. भाऊसाहेब रिटायरमेंटला आलेले. त्यांनी कपाट उघडलं, माझा फॉर्म काढला, टाचणी गंजलेली, कागदाला तपकिरी डाग पडलेला, पण चिठ्ठी तिथंच.

त्या चिठ्ठीवरच्या गावाला गेलो. जिल्हा परिषदेची शाळा, जुनी रजिस्टरं धान्याच्या खोलीत गाठोडं बांधून ठेवलेली, निम्म्यांना वाळवी. तिथले मुख्याध्यापक भले होते, म्हणाले तुम्हीच शोधा, मला वेळ नाही पण अडवत पण नाही. सापडलं. 1959 ची नोंद. वडलांचं नाव, आजोबांचं नाव, जात वडर, आणि शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात लिहिलेलं, "काम संपल्याने परगावी गेले". वडलांना त्या चार-सहा महिन्यांत धड बाराखडी पण आली नव्हती. मी वाचून दाखवलं तर म्हणाले, परत वाच. त्या एका ओळीच्या निर्गम उताऱ्यावर (म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीच्या नकलेवर) माझी व्हॅलिडिटी झाली (वडर की वडार यावर तारीख पडली ती पडलीच), माझ्यावर बहिणीची, चुलतभावांची, आणि आता पुतण्यांची होतेय, कारण रक्तातल्या एकाची झाली की बाकीच्यांचं बरंच सोपं जातं.

आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जून-जुलैला ॲडमिशनच्या सीझनला एक मेसेज फिरतो, दाखल्यावरून जातच काढून टाका म्हणजे सगळे समान. टाकणारे मित्रच आहेत, वाईट मनानं टाकत नाहीत, कुणाच्या मुलीची सीट दोन मार्कांनी गेलेली असते, ते दुःख खरंच आहे. पण मला म्हणायचंय की तो रकाना कोरा केल्यानं पालात राहणारा माणूस बंगल्यात जात नाही, फक्त तो कुठून आला हे कुणाला सांगावं लागत नाही. डिसेंबर 2020 ला राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलाच निर्णय, माझ्या पुतण्याच्या आधारकार्डावर वडारवाडी नाही याचा मला आनंद आहे. पण माझ्या दाखल्यावर पत्त्यात वडारवाडी आहे, आणि समितीपुढं तीच कामाला आली. मला नाव नको पण कागद पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि याचं उत्तर अमुकच असं ठासून सांगणाऱ्याशी मी सहसा वाद घालत नाही, चहा पाजतो.

आता कामाचं बोलतो. शाळा नवीन इमारतीत जाणार, डिजिटल क्लासरूम होणार, त्यासाठी वर्गणी काढतोय, मी पण देतोय. पण जुनी रजिस्टरं कुठं जाणार हे मी मीटिंगमध्ये विचारलं तर कोणाला नीट माहीत नव्हतं. आपल्याकडची नोंदवही पन्नास वर्षांचीच आहे, 1961 च्या आधीची नाही, म्हणून तिला किंमत नाही असं कुणी समजू नये. नातवाला आजोबापर्यंत पोचायचं तर मधली पायरी हीच वही आहे. शनिवार-रविवार मी तालुक्यातल्या पोरांच्या फाईली बघत असतोच, एक स्कॅनर माझ्याकडं आहे. संचालक मंडळानं परवानगी द्यावी, एक कोरडी खोली आणि प्लग द्यावा, आणि ऑफिसनं निर्गम उतारा मागायला येणाऱ्याला परत या म्हणून न पाठवता त्याच दिवशी द्यावा. बॅचमधल्या कुणाला पानं उलटायला यायचं असेल तर ग्रुपवर कळवा. धूळ फार आहे, मास्क आणा.