गॅस गिझरचा धूर जातो कुठे?

डिसेंबरात पुण्याचा पारा 10 अंशांच्या आसपास आला की बाथरूमच्या काचपट्ट्या मिटतात, फटींवर वर्तमानपत्रही चिकटतं. गिझर गॅसचा असेल आणि तोही आतच असेल, तर हे जिवावर बेतू शकतं.

मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण आचेवर तासाला साधारण 0.9 किलो एलपीजी जाळतो. दहा मिनिटांत सुमारे 2 घनमीटर हवेतला प्राणवायू संपतो. 5 बाय 7 फुटांच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम 9 घनमीटर. प्राणवायू घटला की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग.

म्हणून गिझर बाथरूममध्ये नकोच. ड्राय बाल्कनीत लावा, गरम पाण्याची लाइन तेवढी आत न्या. पण बाल्कनीला स्लायडिंग काचा बसवल्या असतील, तर तीही बंद खोलीच झाली. तिथे धूर बाहेर नेणारा पाइप जोडता येणारं मॉडेलच हवं.

पाइप स्टेनलेस स्टीलचा, गिझरच्या तोंडाएवढ्याच व्यासाचा. रिड्यूसर लावून बारीक करायचा नाही. पीव्हीसी अजिबात नको, तो 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि धूर त्याहून बराच गरम असतो. बिनपंख्याच्या, म्हणजे आत धूर ढकलणारा पंखा नसलेल्या, मॉडेलला धूर स्वतःच्या उष्णतेने वर चढतो. म्हणून आधी निदान दोन फूट सरळ वर, मगच वळण, आणि आडवा भाग बाहेरच्या दिशेने चढता. पंख्याच्या मॉडेलचं उलट: बाहेरच्या बाजूला किंचित उतार, नाहीतर पावसाचं पाणी थेट गिझरमध्ये उतरतं.

पाइपचं तोंड सोसायटीच्या डक्टमध्ये सोडू नका, ही कळकळीची विनंती. वरच्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या त्याच डक्टमध्ये उघडतात.

एक चूक सर्रास होते: बिनपंख्याचा गिझर आणि शेजारी एक्झॉस्ट फॅन. हवा आत यायला वाट नसेल तर फॅन ती पाइपातूनच ओढतो आणि धूर उलटा घरात येतो. तपासायला दारं-खिडक्या लावा, फॅन सुरू करा, गिझर पाच मिनिटं चालवा आणि गॅसचा वास नाही याची खात्री करून गिझरवरच्या हूडच्या (जिथून धूर पाइपात शिरतो त्या टोपीच्या) कडेशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला गेला तर गिझर लगेच बंद करा, खिडकी उघडा आणि पाइप, हवेची वाट दुरुस्त होईपर्यंत तो वापरू नका.

ज्योत निळी हवी. पिवळी पडली किंवा वर काजळी धरली, तर बर्नर आणि हीट एक्स्चेंजर (ज्योतीवरचा, पाणी तापवणारा भाग) साफ करून घ्या. सिलिंडरवरून पाइपगॅसवर जाताना जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलावे लागतात. तुमच्या मॉडेलला ती सोय नसेल तर गिझरच बदला.