पारा उडालेला आरसा

रविवार, रात्री

आरसा वाकवून त्याचं वाडगं करायचं म्हणून तो साच्यावर ठेवून भट्टीत घातला होता. भट्टी शेवटी आज सकाळी उघडली. काल रात्रभर झाकणाला हात लावला नाही, फार जड गेलं.

आकार मात्र अगदी मनासारखा आलाय. ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास काच मऊ झाली आणि आपल्याच वजनाने साच्यात उतरली. पुढे ५५० च्या जवळ तासभर थांबवून सावकाश गार केली, म्हणून तडा कुठेच नाही. पण आरसा राहिला नाही. मागचा रंग जळून गेला होता (तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून मी बाहेरच उभी होते), चांदीमागच्या तांब्याच्या थराची काळी पूड बोटाला लागली आणि चांदीची चमक पार गेली.

माझा हिशोब साधा होता: चांदी वितळते ९६२ अंशांना, मी तिथवर जाणारच नाही. चुकलं ते थराच्या जाडीत. आरशावरची चांदी एका मायक्रॉनच्या (म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागाएवढी, कधी त्याहूनही पातळ असते. इतका पातळ पापुद्रा वितळण्याच्या कितीतरी आधीच फाटतो, त्याचे बारीक बारीक थेंब होतात. थोडी चांदी काचेतही मुरते. पूड धुऊन वाडगं उजेडात धरलं तर तळाशी मधासारखा पिवळा डाग! युरोपातल्या चर्चच्या खिडक्यांवर चौदाव्या शतकापासून चांदीचे क्षार भाजून हाच पिवळा रंग आणत आले आहेत. बराच वेळ ते हातातून खाली ठेववेना.

आपण अजून ‘पारा उडाला’ म्हणतो. खरोखरच्या जुन्या आरशांत कथील आणि पारा असायचा. तसला आरसा भट्टीत कधीच घालायचा नाही, पाऱ्याची वाफ विषारी. काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८३५ मध्ये शोधली, तीच आता मला हवी आहे. आधी साधी काच वाकवायची, चांदी त्यानंतर. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया, ग्लुकोज. हे द्रावण लागेल तेवढंच करायचं आणि उरलं तर ठेवायचं नाही. साठून राहिलं तर त्यात स्फोटक संयुग तयार होतं. हातमोजे, चष्मा आहेतच.

४ मिलिमीटरची साधी काच कापून ठेवली आहे. पिवळं वाडगं खिडकीत.