दार कुठलं लावायचं?

आज सकाळी लेडीज डब्यात वसईला चढलेल्या मावशींनी पर्समधून रोझरी, म्हणजे प्रार्थनेची माळ, काढली. बोरिवलीची ढकलाढकली झाली तरी अंगठा मण्यावरून हलला नाही. पाहून खूप बरं वाटलं.

बायबलमध्ये मत्तय 6:6 मध्ये प्रभू येशू सांगतात, खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर. पण मुंबईत एका खोलीत पाच माणसं, दार कुठलं लावणार? मला वाटतं, ठरलेली वेळ हेच आपलं दार. मार्क 1 वाचा. कफर्णहूमात आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, कितीतरी आजारी बरे केले, आणि तरी प्रभू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेले. इतक्या धावपळीनंतर! जुन्या करारातला दानीएलही, राजाशिवाय कुणाकडे प्रार्थना करायची नाही असा बंदीहुकूम निघाल्यावर, रोजच्यासारखाच दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. सवय आधीची होती म्हणूनच संकटात टिकली, असं मी मनापासून मानते.

माझी वेळ नळाला पाणी येण्याआधीची. एक स्तोत्र, मग माणसांची नावं, मग थोडं गप्प बसणं. शब्द सुचले नाहीत तर प्रभूंनी शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना आहेच.

कुणासाठी प्रार्थना हवी असेल तर मेसेज करा, उद्या पहाटे नाव घेईन. 🙏